ताट वेगळे नको, भरलेले हवे

घरात कोणाला टीबी निघाला की औषधाची पहिली गोळी पोटात जाण्याआधीच बऱ्याचदा त्या माणसाचे ताट वेगळे होते. पेला, वाटी, चमचा वेगळा, अंथरूण-पांघरूण वेगळे, धुणे वेगळे. नातवंडांना जवळ जाऊ दिले जात नाही. रुग्ण घरची सून असेल तर 'थोडे दिवस आराम कर' म्हणून तिला माहेरी पाठवतात आणि ते थोडे दिवस कधी कधी संपतच नाहीत. यामागे दरवेळी दुष्टपणाच असतो असे नाही. भीती असते आणि त्या भीतीच्या मुळाशी एक साधा प्रश्न असतो: 'आता आम्हालाही होणार का?'

प्रश्न रास्त आहे. सरकारी दवाखान्यातल्या टीबीच्या ओपीडीत तो रोज विचारला जातो. त्याचे उत्तर शोधण्यात जगभरच्या संशोधकांची सत्तर वर्षे गेली आहेत. त्यातले दोन महत्त्वाचे अभ्यास आपल्याच देशात झाले, एक मद्रासच्या दाटीवाटीच्या वस्त्यांत आणि दुसरा झारखंडमध्ये. ते एकत्र वाचले तर दिसते ते असे की, वेगळ्या ताटाने टीबी थांबत नाही. ताटात काय वाढले आहे, याने मात्र बराच फरक पडतो.

भांडी नव्हे, हवा

24 मार्च 1882 रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. आजार आनुवंशिक नाही, जंतूमुळे होतो, हे त्या दिवशी ठरले. पण तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेमका जातो कसा, याचा पक्का पुरावा मिळायला पुढे सुमारे पाऊणशे वर्षे लागली.

तो मिळाला अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात. 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या एका रुग्णालयात टीबीच्या रुग्णांसाठी छोटा वॉर्ड तयार केला. वॉर्डातली हवा नळ्यांमधून वरच्या खोलीत ठेवलेल्या गिनीपिगांकडे सोडली. रुग्णांचा आणि प्राण्यांचा दुसरा कोणताही संबंध नव्हता. भांडी नाहीत, कपडे नाहीत, स्पर्श नाही. तरीही गिनीपिगांना टीबीचा संसर्ग होऊ लागला. पुढे त्याच वॉर्डातली थोडी हवा अतिनील किरणांखालून नेऊन दुसऱ्या खोलीतल्या गिनीपिगांना दिली, तेव्हा तिथे संसर्ग झाला नाही.

रुग्ण खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो, तेव्हा सूक्ष्म थेंब बाहेर पडतात. मोठे थेंब खाली पडतात. लहान थेंबांतले पाणी क्षणात उडून जाते आणि उरलेले बारीक कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. श्वासावाटे ते फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचले तरच संसर्ग होतो. ताटावर, चमच्यावर किंवा टॉवेलवर बसलेला जंतू तिथून उठून कोणाच्या छातीत जात नाही.

याच प्रयोगात आणखी दोन गोष्टी दिसल्या. सगळे रुग्ण सारखा संसर्ग पसरवत नव्हते. बहुतेक गिनीपिगांना मोजक्याच रुग्णांकडून संसर्ग झाला होता. आणि परिणामकारक औषधे सुरू असलेल्या रुग्णांकडून तो फारच कमी होत होता. म्हणजे घराला खरा धोका असतो तो निदान होण्याआधीच्या आठवड्यांत, जेव्हा 'साधा खोकला आहे, जाईल' असे म्हणून दिवस काढले जातात. ताट वेगळे होते ते त्यानंतर.

मद्रासची घरे

1956 साली मद्रासमध्ये क्षयरोगाच्या औषधोपचारांवर संशोधन करणारे केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद हे त्यात भागीदार होते. तेव्हा टीबी म्हणजे सॅनेटोरियम, हे समीकरण होते. आपल्याकडे मिरजेजवळचे वानलेसवाडीचे सॅनेटोरियम अनेकांच्या आठवणीत असेल. शुद्ध हवा, विश्रांती, दूध-अंडी आणि घरापासून दूर कित्येक महिने. पण देशात रुग्ण लाखो आणि खाटा मोजक्या हजार. नवी औषधे आली होती. ती घरीच दिली तर चालेल का, हा प्रश्न होता.

संशोधकांनी गरीब वस्त्यांतले 193 रुग्ण घेतले. कोणी घरी राहायचे आणि कोणी सॅनेटोरियममध्ये, हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरवले. औषधे दोघांना तीच, एक वर्षभर. सॅनेटोरियममधल्यांना चांगला आहार आणि विश्रांती मिळाली. घरच्यांना दाटीवाटीची खोली, कामधंदा आणि अपुरे जेवण. वर्ष संपले तेव्हा सॅनेटोरियममधल्या 92 टक्के रुग्णांचा आजार आटोक्यात आला होता आणि घरच्यांमध्ये 86 टक्के. फरक फार मोठा नव्हता.

त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष घरच्या माणसांबद्दल होता. दोन्ही गटांतल्या कुटुंबीयांवर पाच वर्षे लक्ष ठेवले गेले. रुग्ण वर्षभर ज्यांच्याबरोबर एकाच खोलीत राहिला, त्या कुटुंबांत टीबीचे प्रमाण, ज्यांचा रुग्ण सॅनेटोरियममध्ये होता त्यांच्यापेक्षा जास्त नव्हते. जो संसर्ग व्हायचा होता, तो बहुतांशी औषधे सुरू होण्याआधीच होऊन गेला होता. या अभ्यासाने जगभर टीबीच्या उपचाराची दिशा बदलली. सॅनेटोरियमे हळूहळू बंद झाली आणि रुग्ण घरी राहून बरे होऊ लागले.

पण याच अभ्यासातून आणखी एक समजूत रुजली. कमी खाऊनही रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले, तेव्हा टीबीत आहाराला फारसे महत्त्व नाही, औषध पुरेसे आहे, असा त्याचा अर्थ लावला गेला. औषधांनी जंतू मरतात का, या प्रश्नापुरते ते खरे होते. पण ज्यांना अजून आजार झालेलाच नाही, त्यांना तो कशामुळे होतो, हा वेगळा प्रश्न होता. तो बराच काळ मागे पडला.

संसर्ग म्हणजे आजार नव्हे

टीबीबद्दल सर्वांत कमी कळलेली गोष्ट हीच आहे. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 15 वर्षांवरील सुमारे 31 टक्के भारतीयांच्या शरीरात टीबीच्या संसर्गाची खूण आढळली. म्हणजे साधारण तिघांपैकी एक जण. फुफ्फुसाचा सिद्ध झालेला आजार मात्र लाखात 316 जणांना होता.

जंतू शरीरात गेला तरी बहुतेकांची रोगप्रतिकारशक्ती त्याला कोंडून ठेवते. अशा शंभर जणांपैकी साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधी तरी प्रत्यक्ष आजार होतो आणि त्यातल्या बहुतेकांना तो संसर्गानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत होतो. बाकीच्यांना न खोकला येतो, न ते कोणाला संसर्ग देतात.

मग या शंभरातले ते पाच-दहा कोण? इथे साथरोगशास्त्राचे काम सुरू होते. एचआयव्ही असलेल्या माणसाला टीबी होण्याचा धोका पंधरा-वीस पटींपर्यंत वाढतो. मधुमेहात तो दोन ते तीन पट होतो, धूम्रपानाने साधारण दुप्पट. अतिमद्यपान आणि दगडखाणीतली सिलिकाची धूळ यांनीही तो वाढतो. आणि वजन कमी असले तर वाढतोच. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय एका अंकाने घसरला की टीबीचा धोका सुमारे 14 टक्क्यांनी वाढतो. 160 सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी एक अंक म्हणजे जेमतेम अडीच किलो.

मात्र एका माणसाचा धोका किती वाढतो, एवढ्यावरच हिशेब संपत नाही. ते कारण समाजात किती जणांमध्ये आहे, हेही पाहावे लागते. एचआयव्हीचा धोका मोठा, पण आपल्या देशात प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण 0.2 टक्क्यांच्या आसपास आहे. याउलट 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयोगटातल्या सुमारे 19 टक्के महिला आणि 16 टक्के पुरुष कमी वजनाचे आढळले. धोका मध्यम, पण तो कोट्यवधी माणसांच्या अंगावर. म्हणूनच भारतातल्या टीबीमागची जी कारणे दूर करता येण्यासारखी आहेत, त्यात अपुरे पोषण सर्वांत वर येते. मधुमेहही झपाट्याने त्या यादीत चढतो आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशातल्या 11.4 टक्के प्रौढांना तो आहे.

झारखंडची तूरडाळ

पोषण आणि टीबी यांचा संबंध जुना आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या पॅपवर्थ गावी क्षयरुग्णांची एक वसाहत उभी राहिली. रुग्ण कुटुंबासह राहत, त्यांना झेपेल असे काम, पुरेशी मजुरी आणि चांगले घर मिळे. तिथे जन्मलेली मुले रुग्ण आई-बापांच्या सहवासातच वाढत होती. त्यांना जंतूचा संसर्ग होत होता, पण आजार क्वचितच होत होता. मात्र तिथे घर, मजुरी, आहार सगळेच चांगले होते. नेमका कशाचा किती उपयोग झाला, ते सुटे करता येत नव्हते.

ते करून पाहिले झारखंडमध्ये. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये चार जिल्ह्यांत 'रेशन्स' नावाचा अभ्यास सुरू केला. त्यात चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थाही होती, म्हणजे 1956च्या त्या मद्रासच्या केंद्राचेच आजचे रूप. फुफ्फुसाचा टीबी असलेले 2,800 रुग्ण आणि त्यांच्या घरातली 10,345 माणसे यांची नोंद झाली. सगळ्याच रुग्णांना औषधांबरोबर दरमहा शिधा मिळाला. घरातल्या इतरांना मात्र निम्म्या भागांत शिधा दिला, निम्म्या भागांत नाही. शिधा म्हणजे काही महागडी पावडर नव्हती. मोठ्या माणसामागे महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. दिवसाला साधारण 750 कॅलरी आणि 23 ग्रॅम प्रथिने जास्तीची.

जवळपास दोन वर्षांनी मोजणी झाली. शिधा न मिळालेल्या 4,724 जणांपैकी 122 जणांना टीबी झाला होता. शिधा मिळालेल्या 5,621 जणांपैकी 96 जणांना. इतर फरकांचा हिशेब करून धोका 39 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. तपासणीत जंतू सापडलेला फुफ्फुसाचा टीबी तर 48 टक्क्यांनी कमी झाला. साधारण 30 कुटुंबांना शिधा दिला की टीबीचा एक नवा रुग्ण टळतो, असा त्याचा अर्थ.

ज्यांना आजार झालाच होता, त्यांच्याबद्दलही बरेच कळले. पाचपैकी चार रुग्णांचे वजन कमी होते आणि जवळपास निम्म्यांचा बीएमआय 16च्या खाली होता. 160 सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे वजन 41 किलोंहून कमी, असे हे चित्र. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्के कमी आढळला. चाळीस किलोच्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे दोन किलो.

याचा अर्थ डाळ-भात खाल्ला की औषध नको, असा मुळीच नाही. टीबी बरा करतात त्या औषधेच, आणि त्यांचा कोर्स पुरा करावाच लागतो. पण औषध जंतूला मारते. जंतू शिरलेल्या, तरीही धडधाकट असलेल्या माणसाला आजारी पडण्यापासून वाचवण्यात त्याच्या रोजच्या जेवणाचा मोठा वाटा आहे. मद्रासच्या अभ्यासाने घराला दोषमुक्त केले होते. झारखंडच्या अभ्यासाने त्याच घरातल्या रिकाम्या डब्यांकडे बोट दाखवले.

खिडकीचे गणित

आहार सुधारला तरी हवेचा प्रश्न राहतोच, आणि तो फक्त घरापुरता नाही. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनमधल्या एका वस्तीत रुग्णांच्या जंतूंचे जनुकीय ठसे जुळवून पाहिले, तेव्हा तिथल्या एकूण प्रसारापैकी जेमतेम पाचवा हिस्सा घरातल्या घरात होत असल्याचे दिसले. बाकीचा बाहेर: कामाच्या जागी, प्रवासात, गुत्त्यात, शेजारीपाजारी. ज्या भागात टीबीचे रुग्ण खूप, तिथे एकट्या रुग्णाला कोपऱ्यात बसवून साथ आटोक्यात येत नाही.

मुंबईत याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. गोवंडी-मानखुर्द भागात प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या लल्लुभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत इमारतींमधले अंतर काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर आहे. खालच्या मजल्यांवर ना ऊन येते ना वारा. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या दहापैकी साधारण एका घरात टीबीचा रुग्ण आढळला. त्याच भागातल्या, पण इमारतींमध्ये जास्त अंतर असलेल्या तिसऱ्या वसाहतीत हे प्रमाण शंभर घरांत एक इतके होते. झोपडीतून पक्क्या घरात आलेल्या माणसाला भिंती मिळाल्या, पण हवा मिळाली नाही.

पेरू देशाच्या राजधानीत, लिमामध्ये, रुग्णालयांतल्या हवेची मोजणी झाली. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या, 1950 पूर्वीच्या इमारतींत खिडक्या-दारे उघडल्यावर तासाभरात सुमारे 40 वेळा हवा बदलत होती. नव्या इमारतींत 17 वेळा आणि यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांत 12 वेळा. जुन्या धाटणीच्या खिडकीने यंत्राला मागे टाकले होते, आणि तिला वीज लागत नव्हती.

मग घरी काय करायचे?

पहिली गोष्ट, तपासणी. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे, थुंकीतून रक्त पडणे, यातले काहीही असेल तर थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे. सरकारी केंद्रात हे मोफत होते. राष्ट्रीय सर्वेक्षणात लक्षणे असलेल्यांपैकी जवळपास 64 टक्के लोक कुठेही दाखवायला गेले नव्हते. आणि सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे 43 टक्के केवळ एक्स-रे काढला म्हणून सापडले, एरवी निसटले असते. म्हणून घरात रुग्ण निघाला की 'मला काही होत नाही' म्हणणाऱ्यांनीही तपासून घ्यायला हवे.

दुसरी गोष्ट, प्रतिबंधक औषध. आजार नाही याची खात्री झाल्यावर घरातल्या इतरांना टीबी टाळण्यासाठी औषध देण्याची सोय राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. कुठे रोजच्या गोळ्या सहा महिने, तर कुठे आठवड्यातून एकदा असे बारा डोस. लहान मुले आणि एचआयव्हीबाधित व्यक्तींसाठी ते फार गरजेचे. 'बीसीजी टोचली आहे' म्हणून यातून सुटका नाही. 1968 मध्ये चेंगलपट्टू भागात सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत बीसीजीने मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या टीबीला अटकाव केला नाही, असेच दिसले. बाळांना मेंदूच्या टीबीसारख्या जीवघेण्या प्रकारांपासून ती वाचवते, म्हणून जन्मतः टोचायचीच.

तिसरी, हवा. पहिले काही आठवडे रुग्णाने मास्क लावावा, खोकताना तोंडावर रुमाल धरावा आणि शक्यतो हवेशीर जागी झोपावे. खिडक्या उघड्या. औषधांना दाद न देणारा टीबी असेल तर ही काळजी किती दिवस घ्यायची, ते डॉक्टरांना विचारून ठरवावे.

चौथी, जेवण. निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यात 2018 पासून दरमहा 500 रुपये जमा होत. नोव्हेंबर 2024 पासून ते 1,000 रुपये झाले. आशा सेविकेला विचारून खाते जोडून घ्यावे. पण पैसे एकाच्या नावाने आले तरी पोट घरातल्या सगळ्यांना आहे, हे झारखंडने दाखवून दिले. डाळ, शेंगदाणे, फुटाणे, अंडी, दूध, जे परवडते ते सगळ्यांच्या ताटात थोडे जास्त पडायला हवे. महिन्यातून एकदा घरातल्या प्रत्येकाचे वजन करावे आणि लिहून ठेवावे. कमी वजनाचे वजन वाढत नसेल किंवा कोणाचे घटत असेल, तर ते सांगायला पुढच्या तारखेची वाट पाहू नये. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी साखर तपासून घ्यावी.

आपल्याकडे बहुतेक घरांत बाई सगळ्यांना वाढून शेवटी जेवते. उरलेले, कधी कधी न उरलेले. टीबी झाला की पहिले ताट तिचेच वेगळे केले जाते, आणि नवऱ्याला झाला तर त्याची उशापायथ्याशी सेवा करून, त्याच खोलीतली हवा घेऊन, सर्वांत कमी जेवणारीही तीच असते. तिचे ताट पंगतीत सगळ्यांबरोबर मांडले गेले आणि त्यात डाळीची एक वाटी जास्त पडली, तर त्या घरातला पुढचा रुग्ण टळण्याची शक्यता वाढते. त्यासाठी भांडी बाजूला काढायची गरज नाही.